गँडर ते शॅनन, दहा तास त्रेचाळीस मिनिटं

हेडलीकाकांना कुणी अंतर विचारलं की ते तोंड वाकडं करायचे. आमच्या गँडरहून आयर्लंडमधलं शॅनन किती लांब, असं एखाद्या नव्या वैमानिकाने विचारलं, की ते आधी चष्मा काढून पुसायचे आणि मग म्हणायचे, "अंतर विचारून काय करणार? ते जिथे आहे तिथेच राहणार. वेळ विचार." अंतर त्यांना पाठ होतंच. एक हजार सातशे पंधरा सागरी मैल. पण हा आकडा ते नाइलाजाने, घाईघाईने सांगून टाकायचे. वेळ मात्र कुणाला फुकट मिळत नसे. त्यासाठी काउंटरपाशी उभं राहून त्यांचं सगळं ऐकून घ्यावं लागायचं.

ते माझे सख्खे काका नव्हेत. आमच्या न्यूफाउंडलंड बेटावर साठी उलटलेला कुणीही माणूस सगळ्या गावाचा काका होतो, तसे ते होते. हेडली फेल्थम. महायुद्धात त्यांनी बॉम्बफेकी विमानं अटलांटिकपार पोचवली होती, वाट दाखवणारे म्हणून. नंतर विमानतळाच्या कडेला एका जुन्या लाकडी बराकीत त्यांनी एक खोली घेतली आणि तिथे छोट्या विमानांच्या वैमानिकांना मार्ग आखून द्यायला लागले. युरोपात कुणी अमेरिकन बनावटीचं चार माणसांचं विमान विकत घेतलं, की ते उडवतच न्यावं लागायचं. असं विमान पोचवणारे वैमानिक आमच्याकडे यायचे. मागच्या खुर्च्या काढून तिथे पेट्रोलची जादा टाकी बसवलेली, एकच एंजिन, आणि पुढे पाणीच पाणी. आजही त्या माणसांना मी वेडे म्हणते, पण म्हणताना माझी मान आदराने खाली जाते.

मी एफी बजेल, तेव्हा तेवीस वर्षांची. काकांच्या ऑफिसात टायपिंगला म्हणून लागले आणि हिशेब बरा जमतो म्हणून टेबलाच्या त्यांच्या बाजूला बसायला लागले. माझी आई वैमानिकांना खोल्या भाड्याने द्यायची. त्यामुळे ही मंडळी आदल्या रात्री आमच्या घरी जेवायची आणि सकाळी काकांच्या काउंटरवर मला पुन्हा दिसायची.

काकांची पद्धत अशी. पृथ्वीचा एक मोठा गोल होता, त्याच्यावर ते बायकोच्या शिवणाच्या डब्यातला मेण लावलेला दोरा ताणायचे. नकाशावर सरळ दिसणारी रेघ गोलावर लांब पडते आणि वाकडी दिसणारी जवळ पडते, हे त्यांनी मला पहिल्या आठवड्यात दाखवलं आणि मी दोन दिवस वेड्यासारखी जिथे तिथे दोरा ताणत बसले. मग ते खालच्या मजल्यावरच्या हवामान खात्यातून वाऱ्याचे आकडे आणायचे. हातातल्या गोल चकतीवर वारा मांडायचे, विमानाचा वेग मांडायचे, खिडकीतून एकदा ढगांकडे बघायचे आणि एका चिठ्ठीवर पेन्सिलीने वेळ लिहायचे. चिठ्ठी घडी करून कडक बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जायची. वैमानिकाला ते हिशेबाचा कागद द्यायचे, पण चिठ्ठी दाखवायचे नाहीत. शॅननहून उतरल्याची तार आली, की मग डबा उघडायचा. नऊ वर्षांत त्यांची सर्वांत मोठी चूक अकरा मिनिटांची होती आणि त्या अकरा मिनिटांबद्दल ते अजून त्या वैमानिकालाच दोष द्यायचे.

मला त्यांचं सर्वांत जास्त कौतुक वाटायचं ते एका गोष्टीचं. ते प्रत्येक नकाशावर लाल पेन्सिलीने एक फुली मारायचे. फुलीच्या अलीकडे काही बिघडलं तर मागे फिरा, पलीकडे बिघडलं तर पुढे जा. मला वाटलं ती बरोबर मध्ये असणार. काका हसले. म्हणाले, तुझी आई तळ्यावर बोरं तोडायला जाते तेव्हा उतार असतो, येताना चढ. मग अर्धी वाट कुठे? पाठीवर वारा घेऊन जाताना मैल भराभर सरतात, तोच वारा तोंडावर घेऊन परतताना सरत नाहीत. म्हणून परत फिरायची वेळ मैलांच्या मध्याच्या खूप आधी संपते. नव्या वैमानिकांना हे पटवायला त्यांना एकेक तास लागायचा, पण पटल्याशिवाय ते कुणाला दाराबाहेर सोडत नसत.

आता त्या शनिवारची गोष्ट. एकोणीसशे सदुसष्टचा नोव्हेंबर.

डेल्फीन कॉर्मिए आदल्या संध्याकाळी कॅनडाच्या मुख्य भूमीवरच्या माँक्टनहून आली होती. तिशीची असेल, बुटकी, हसरी, फ्रेंच वळणाचं बोलणारी. आयर्लंडच्या एका फ्लाइंग क्लबला विमान पोचवायचं होतं आणि अटलांटिक तिने याआधी फक्त किनाऱ्यावरून बघितला होता. विमानं पोचवणारी बाई मी पहिल्यांदाच पाहत होते. मला ती इतकी आवडली की तिच्या ताटात मी मासा दोनदा वाढला.

सकाळी आमच्या स्वयंपाकघरात आई टाऊटन तळत होती. पावाचं पीठ तळून वर काकवी घालायची, पोटाला दुपारपर्यंत आधार. डेल्फीनने खाता खाता मला विचारलं, "तुमच्याकडे ग्रिनिचची वेळ काढायला किती मिळवायचे?" विमानाच्या जगात सगळे एकच घड्याळ पाळतात, ग्रिनिचचं.

"साडेतीन," मी म्हटलं. "सगळ्या कॅनडात तास पुरे असतात, आमच्या वाट्याला तेवढा अर्धा आलाय."

ती हसली. रेडिओवर प्रत्येक कार्यक्रमाची वेळ सांगून झाली की शेवटी 'न्यूफाउंडलंडमध्ये अर्धा तास उशिरा' असं म्हणतात, ते तिला माहीत होतं. तिने मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं, ओठांतल्या ओठांत काहीतरी मिळवलं आणि आईकडे आणखी एक टाऊटन मागितला. काकांनी तिला सव्वापाचला बोलावलं होतं, आणि आमच्या भिंतीवर पाचला दहा कमी होते. मला वाटलं, काय निवांत बाई आहे, समुद्र ओलांडायचाय आणि काकवी चाटत बसलीय. मी पुढे निघाले.

डेल्फीन काकांच्या काउंटरवर आली तेव्हा पावणेसहा झाले होते. उशिराबद्दल चकार शब्द नाही. छान हसून तिने सुप्रभात म्हटलं. काकांनी सरळ नकाशा उलगडला. वेळेच्या बाबतीत ते देवासारखे कडक होते आणि उशिरा आलेल्या माणसाशी ते फक्त आकड्यांत बोलायचे. त्यांनी सगळं सांगितलं, पण रोजची गंमत नाही, तळ्याचा उतार नाही. वेग एकशे चाळीस, पाठीवर वीसचा वारा, म्हणजे एकशे साठ. सगळं मिळून पेट्रोल बारा तासांचं. मागची जादा टाकी बरोबर पाच तास चालेल, ती पूर्ण रिकामी झाली की पंखातल्या टाक्या. लाल फुली चार तास पस्तीस मिनिटांवर. डेल्फीनने सगळं उडताना गुडघ्याला बांधायच्या पाटीवर नीट लिहून घेतलं. ती गेल्यावर काकांनी चिठ्ठी लिहिली, डब्यात टाकली आणि म्हणाले, "अर्धा तास उशिरा. अटलांटिक हिच्यासाठी थांबणारेय की काय?"

साडेसहाला तिने धावपट्टी सोडली. ग्रिनिचचे दहा. विमानतळाच्या नियंत्रण मनोऱ्याने तिला उड्डाणाची वेळ सांगितली, तिने ती पाटीवर उतरवली. जड विमान हळूहळू वर चढलं आणि उजाडत्या पूर्वेकडे दिसेनासं झालं. मी खिडकीत उभी होते. काका नव्हते. ते रागावले होते.

दहाच्या सुमाराला जमिनीवरचा वारा फिरला आणि समुद्रावरचं धुकं आत आलं. आमच्याकडे धुकं येतं तेव्हा विचारून येत नाही. अकरापर्यंत धावपट्टीचे दिवेही दिसेनासे झाले. पण काकांना त्याची चिंता नव्हती. आमचं विमान पुढे गेलं होतं आणि शॅननवर आकाश मोकळं होतं.

अकरा बेचाळीसला फोन वाजला. नियंत्रण केंद्रातून गार्लंड हाऊनसेल बोलत होता, त्या पाळीचा प्रमुख. युरोपहून न्यूयॉर्ककडे निघालेल्या एका मोठ्या जेट विमानाला डेल्फीनचा आवाज ऐकू आला होता आणि त्याच्या वैमानिकाने तिचा निरोप पुढे दिला होता. मी तो काकांसाठी मोठ्याने बोलत लिहून घेतला. मागची टाकी पाच तासांऐवजी साडेचार तासांत संपली. गळती असावी. फुलीच्या अलीकडे आहे. टाकी संपल्यावर पाच मिनिटांत वळले, गँडरला परतते आहे.

काकांनी माझ्या हातून कागद घेतला. ते खुर्चीत बसले नाहीत.

मी मनातल्या मनात हिशेब केला. पेट्रोल गळत असेल तर ती कुठेच पोचणार नाही. आणि गळत नसेल तरी ती परत येतेय ती या धुक्यात. मोकळा विमानतळ होता तो आमच्याही पलीकडे आणखी तासभर.

काकांनी विचारलं, "टाकी भरताना तू होतीस?"

मी होते. काठोकाठ भरलेली मी डोळ्यांनी पाहिली होती. टाकीच्या तळाशी विमानाची फरशी कोरडी होती, हेही मी पाहिलं होतं, कारण काकांनी मला ते बघायला शिकवलं होतं.

"मग हे बघ," ते म्हणाले. त्यांचा आवाज अगदी हळू झाला होता. "गळती असती तर टाकी चार तास सतरा मिनिटांत संपली असती, नाहीतर चार त्रेचाळीसला. पेट्रोलला घड्याळाचा काटा कळत नाही. ही बरोब्बर अर्धा तास आधी संपलीय. बरोब्बर अर्धा तास, पोरी. हा अर्धा तास टाकीतला नाही. हा आपल्या बेटाचा आहे."

मला काही कळलं नाही. त्यांनी काउंटरवर बोट आपटलं.

"सकाळी ती किती उशिरा आली?"

"अर्धा तास."

"आणि क्षमा मागितली?"

"नाही."

"का नाही? कारण तिच्या हिशेबाने ती वेळेवरच आली होती. तिच्या मनगटावर काय वाजले होते?"

मला आमचं स्वयंपाकघर दिसलं. भिंतीवरचं घड्याळ, तिचं मनगट, दुसरा टाऊटन. ती निवांत नव्हतीच. तिच्या घड्याळात अजून पाच वाजायलाही चाळीस मिनिटं होती. ते घड्याळ माँक्टनचं होतं, आमच्यापेक्षा अर्धा तास मागे. आल्यावर तिने काटे फिरवलेच नव्हते. माँक्टनच्या घड्याळात ग्रिनिचसाठी चार मिळवायचे असतात. आणि मी तिला साडेतीन सांगितले होते. समोर तिचं मनगट असताना मी एकदाही त्याच्याकडे वाकून पाहिलं नव्हतं.

मी हे सगळं काकांना एका दमात सांगितलं. मला रडू येत होतं. त्यांनी ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं, कारण तेव्हा त्यांना माझे हात हवे होते. ते बोलत गेले आणि मी लिहीत गेले. उड्डाणाची वेळ मनोऱ्याने सांगितलेली, म्हणजे खरी. टाकी संपल्याची वेळ तिच्या घड्याळातली, म्हणजे अर्ध्या तासाने मागची. म्हणून पाच तासांचे साडेचार झाले. टाकी पुरी पाच तास चालली होती. गळती नाही, काही नाही. ती फुलीच्या अलीकडे नव्हतीच, कधीच पलीकडे गेली होती. परतीची वाट वाऱ्याच्या तोंडावर पावणेसात तासांची, आणि टाक्यांत पेट्रोल सात तासांपेक्षा पाच मिनिटं कमी. ती दहा मिनिटं शिल्लक ठेवून धुक्यावर येणार होती.

"आणि मिनिटागणिक दुप्पट नुकसान," काका म्हणाले. "मागे आली तेवढं पुन्हा पुढे जायचंय. फोन लाव."

गार्लंडने ऐकून घेतलं. तो चांगला माणूस होता, आमच्याच गावचा, पण त्याचंही खरं होतं. विमान वैमानिकाच्या हातात असतं. गळतीच्या भीतीने परतणाऱ्या बाईला, पुढे समुद्रात जा, असं जमिनीवर बसून कोण सांगणार? काकांचं म्हणणं चुकीचं निघालं तर? मला फोनमधून त्याचा श्वास ऐकू येत होता.

काकांनी फोन हातात घेतला.

"गार्लंड, जा म्हणून मी सांगतच नाहीये. त्या जेटला फक्त एक प्रश्न विचारायला सांग. तुझ्या घड्याळात आत्ता किती वाजलेत, एवढाच. आणि मग आपली वेळ तिला ऐकव. बाकीचं ती करेल. सकाळी माझ्यासमोर तिने सगळा हिशेब लिहून घेतलाय, एकही आकडा चुकवला नाही. पोरगी हुशार आहे."

सकाळपासून तिच्याविषयी त्यांनी काढलेला हा पहिला चांगला शब्द होता.

मग आम्ही थांबलो. काकांनी फोन कानाला तसाच धरून ठेवला होता. मी गोलावरच्या दोऱ्याकडे बघत होते. गँडरला एक टाचणी, शॅननला एक टाचणी, आणि मध्ये वीतभर दोरा. त्या वीतभरात कुठेतरी ती उलट्या दिशेने येत होती. तिला काही झालं तर ते माझ्या साडेतीनमुळे, हे मला तेव्हा स्वच्छ कळत होतं.

गार्लंडचा आवाज आला तेव्हा काकांनी फोन माझ्याही कानाजवळ धरला. जेटने विचारलं होतं. तिच्या घड्याळात अकरा तेवीस झाले होते.

आमच्या भिंतीवर अकरा त्रेपन्न होते.

गार्लंडने पुढचं सांगितलं. जेटच्या वैमानिकाने तिला ग्रिनिचची खरी वेळ वाचून दाखवली.   मग ती फ्रेंचमध्ये काहीतरी पुटपुटली, ते त्याला कळलं नाही आणि कळलं असतं तरी त्याने सांगितलं नसतं. मग स्वच्छ इंग्रजीत म्हणाली, माझी चूक, पेट्रोल ठीक आहे, शॅननकडे वळते आहे. ग्रिनिचच्या पंधरा पंचवीसला ती वळली.

काकांनी फोन खाली ठेवला आणि आता कुठे खुर्चीत बसले. त्यांनी पेन्सिल उचलली, पण लिहिलं नाही. ती त्यांनी माझ्यापुढे सरकवली.

"नवी वेळ काढ. आज तू लिही."

मी म्हटलं, मला जमणार नाही. ते म्हणाले, आता माझा हात चालत नाही आणि तुझं डोकं रिकामं राहिलं तर तू रडत बसशील. मी चकती घेतली. खऱ्या पंधरा पाचला वळली ती पंधरा पंचवीसपर्यंत, वीस मिनिटं मागे, वाऱ्याच्या तोंडावर, म्हणजे चाळीस मैल. ते चाळीस पुन्हा पुढे काढायला पंधरा मिनिटं. एकूण नुकसान पस्तीस मिनिटांचं. सकाळचा हिशेब दहा तास त्रेचाळीस मिनिटांचा होता, तो अकरा तास अठरा झाला. मी चिठ्ठीवर तेवढंच लिहिलं, घडी केली आणि डब्यात टाकली. माझं अक्षर आईला चिठ्ठी लिहिणाऱ्या शाळकरी मुलीसारखं आलं होतं. काकांनी ती बघायला मागितली नाही.

दुपार सरता सरेना. शनिवार होता म्हणून आई पिवळ्या वाटाण्याचं सूप घेऊन आली, वर पिठाचे गोळे घातलेलं. काय झालं ते तिला कुणी सांगितलं नाही, पण आमची तोंडं बघून ती वाट्या भरून आमच्याजवळच बसली. काका सगळं सूप प्यायले. मी वाटी तशीच ठेवली.

शेवटी मी म्हटलं, "काका, तिला साडेतीन मी सांगितले."

"बरोबरच सांगितलेस."

"पण घड्याळ नाही पाहिलं."

त्यांनी वाटी बाजूला केली. "ती माझ्यासमोर वीस मिनिटं उभी होती, एफी. चाळीस वर्षं मी वेळेचं खातोय. एक माणूस बरोबर अर्धा तास उशिरा येतो, हसत येतो, आणि मला एवढं विचारता येत नाही की बाई, तुझ्या घड्याळात किती वाजले? मी फुगून बसलो होतो. तुझी चूक टाऊटन तळण्याच्या गडबडीतली आहे. माझी ताठ्याची आहे. तुझी लहान."

आईने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि मी थोडं सूप प्यायले.

पाच वाजले. साडेपाच वाजले. बाहेर अंधारलं होतं आणि धुकं तसंच होतं. पाच अठ्ठेचाळीस ही माझी वेळ. ती आली आणि गेली, आणि फोन वाजला नाही. तसा तो लगेच वाजायला नकोच होता. उतरल्यावर तिकडून तार यायला वेळ लागतो, हे मी रोज बघत होते. तरी त्या दिवशी मला ते पटेना. काका खिडकीकडे तोंड करून उभे होते. काचेत धुक्याशिवाय काही नव्हतं.

सहा वाजून सहा मिनिटांनी गार्लंडचा फोन आला. तार त्याने शब्दाशब्दाने वाचली आणि मी लिहून घेतली. शॅनन, ग्रिनिचचे एकवीस वीस, उतरले. सर्व ठीक. खाली वैमानिकाचा निरोप होता, हेडली फेल्थम यांच्यासाठी.

"उशिराबद्दल क्षमा. दोन्ही वेळच्या."

मी वाचून दाखवलं. काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. मग ते मोठ्याने हसले आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. आई तर आधीपासूनच रडत होती.

मग डबा उघडायचा होता. काकांनी माझी चिठ्ठी काढून उलगडली. अकरा तास अठरा मिनिटं. प्रत्यक्षात लागली अकरा तास वीस मिनिटं.

"दोन मिनिटं चुकलीस," ते म्हणाले. "विमान जागच्या जागी फिरत नाही. मोठा वळसा घेतं. पुरतं उलट व्हायला एक मिनिट जातं. ती आज दोनदा उलट फिरली."

त्यांना हे सुचावं याचं मला त्या क्षणी इतकं नवल वाटलं की दोन मिनिटं चुकल्याचं काही वाटलंच नाही. एका बाईचा जीव त्यांनी एका प्रश्नाने वाचवला होता, ते सगळं बाजूला ठेवून हा माणूस वळशाची दोन मिनिटं मोजत होता. ती चिठ्ठी त्यांनी त्या तारखेच्या गड्डीत दोऱ्याने बांधली. वर म्हणाले, पहिल्याच वेळी दोन मिनिटं, माझी युद्धातली पहिली चूक पाऊण तासाची होती. हे त्यांनी मला त्याआधी कधी सांगितलं नव्हतं.

पुढच्या सोमवारपासून काउंटरवर एक नवा नियम आला. वैमानिक आला की आधी त्याने मनगट काउंटरवर ठेवायचं. काका वाकून बघायचे, भिंतीकडे बघायचे, आणि मग वाऱ्याचं बोलायचे. काही जण चिडायचे, त्यांना वाटायचं म्हातारा नाडी बघतोय. डेल्फीन पुढची सहा वर्षं आमच्याकडून जात राहिली. दारातूनच बाही वर करून यायची, आणि नेहमी दहा मिनिटं आधी.

काका एकोणीसशे एकोणऐंशीत गेले. ऑफिस तोवर माझ्याच हातात आलं होतं. त्यांच्या मुलीने मला गोल दिला आणि बिस्किटांचा डबा दिला. एका दुपारी मी गड्ड्या सोडून बसले आणि त्या शनिवारची गड्डी हाती लागली. तिच्यात दोन चिठ्ठ्या असायला हव्या होत्या, सकाळची त्यांची आणि दुपारची माझी. निघाल्या तीन. तिसरी खूप बारीक घडी केलेली होती, कुणाला सहज दिसू नये अशी. पेन्सिलीचं अक्षर काकांचं होतं, ओळ थोडी थरथरलेली.

अकरा तास वीस मिनिटं.

तार येण्याआधी कधीतरी, मी सूप पीत असताना असेल, त्यांनी ती लिहून टाकली होती आणि मला कधीच दाखवली नव्हती. त्या दिवशी डब्यातून माझीच चिठ्ठी निघावी म्हणून. मी ती पुन्हा तशीच बारीक घडी करून माझ्या चिठ्ठीच्या आत ठेवली आणि गड्डी बांधली. बाहेर काउंटरवर एक नवा वैमानिक येऊन उभा होता, आणि त्याने विचारलं, गँडरहून शॅनन किती लांब?

मी म्हटलं, "आधी मनगट ठेव."